‘लोडिंग दिले आहे’: लायसिसनंतर स्टेंट आणि क्लोपिडोग्रेलच्या डोसचं एक प्रकरण

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे, कोणा एका व्यक्तीचं नाही. यातली प्रत्येक अडचण मात्र हृदयविकाराच्या वॉर्डात काम करणाऱ्यांच्या ओळखीची आहे. लेख निवासी डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्यासाठी आहे. एखाद्या रुग्णाच्या वाचनात आला, तर हे वाचून स्वतःच्या गोळ्या कमी-जास्त करू नयेत.

रुग्ण ७७ वर्षांच्या बाई. वजन ५४ किलो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब जुने. चार वर्षांपूर्वी उजवा हात काही मिनिटं लुळा पडून पूर्ववत झाला होता. तेव्हा टीआयएचं, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडल्याचं, निदान झालं होतं. छातीत दुखायला लागल्यावर अडीच तासांनी त्या जवळच्या छोट्या रुग्णालयात पोचल्या. ईसीजीत व्ही-१ ते व्ही-४ मध्ये एसटी चांगलाच वर गेलेला, म्हणजे अँटीरिअर स्टेमी, हृदयाच्या पुढच्या भागाचा मोठा झटका. कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली) असलेलं रुग्णालय दोन तासांच्या आत गाठणं शक्य नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी लायसिसचा, म्हणजे औषधाने गुठळी विरघळवण्याचा, निर्णय घेतला आणि तो बरोबर होता. त्यासाठीचं टेनेक्टेप्लेसही त्यांनी नीट दिलं: ६० किलोंपेक्षा कमी वजनाला पूर्ण डोस ३० मि.ग्रॅ., आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या निम्मा, म्हणून १५ मि.ग्रॅ. नव्वद मिनिटांनी केलेल्या ईसीजीत एसटी निम्म्याहून जास्त खाली आला होता आणि छातीतलं दुखणं थांबलं होतं. लायसिस फसल्यावर करायच्या तातडीच्या रेस्क्यू अँजिओप्लास्टीची गरज उरली नाही. लायसिस यशस्वी झाल्यावर २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करायची असते, त्यासाठी त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

सोबतच्या चिठ्ठीत औषधांची ओळ अशी होती: ‘ॲस्पिरिन दिले. लोडिंग दिले आहे. टेनेक्टेप्लेस व हेपरिन दिले.’

कॅथलॅबचं टेबल तयार होतं आणि प्रश्न एकच होता, आता कोणती गोळी किती द्यायची? त्या चिठ्ठीवरून याचं उत्तर मिळत नव्हतं. लोडिंग म्हणजे परिणाम लवकर यावा म्हणून सुरुवातीला द्यायचा मोठा डोस, पण कोणत्या औषधाचा आणि किती, हे तिच्यात नव्हतं.

त्या ओळीत काय काय बसू शकतं

ॲस्पिरिनबद्दल फारशी चिंता नव्हती. सुरुवातीला १५० ते ३०० मि.ग्रॅ., आतड्यात विरघळणारं आवरण नसलेली गोळी चावून खायची, आणि पुढे रोज ७५ ते १०० मि.ग्रॅ. इथे गल्लत झाली तरी ती सहसा सांभाळून घेता येते. ॲस्पिरिन प्लेटलेटमधल्या (गुठळी बनवणाऱ्या रक्तपेशींमधल्या) कॉक्स-१ या एन्झाइमला कायमचं बंद पाडतं, आणि प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे ते पुन्हा तयार होत नाही. एकदा पुरेसा डोस पोटात गेला की त्या प्लेटलेटच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्याचं काम झालं. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते आणि ॲस्पिरिनचा डोस होता अवघा १६२.५ मि.ग्रॅ. तेवढ्यानेच पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. त्याहून मोठ्या डोसमागे लागण्याचं कारण नाही. रोजचा डोस ३२५ मि.ग्रॅ.पर्यंत नेल्याने जास्त फायदा होत नाही, हे २०२१ च्या ॲडाप्टेबल चाचणीत दिसलं.

गुंता होता ॲस्पिरिनसोबत द्यायच्या दुसऱ्या गोळीचा. ‘लोडिंग’ म्हणजे क्लोपिडोग्रेल ३०० असू शकतं, ६०० असू शकतं, टिकाग्रेलॉर १८० किंवा प्रासुग्रेल ६० सुद्धा. चौघांचाही रोख प्लेटलेटवरच्या पी२वाय१२ या रिसेप्टरवर आहे, पण प्रत्येकाचा वेग आणि जोर वेगळा. क्लोपिडोग्रेल हे प्रोड्रग आहे. पोटात गेलेल्या औषधाचा मोठा भाग एस्टरेज एन्झाइम निकामी करतात, आणि उरलेल्यातून यकृतात, मुख्यतः सीवायपी२सी१९ या एन्झाइमच्या मदतीने, कामाचं रूप तयार होतं. म्हणून ३०० मि.ग्रॅ.चा परिणाम पूर्ण दिसायला सहा तासांच्या आसपास किंवा जास्त वेळ जातो, ६०० ला दोन-तीन तास लागतात, आणि लोडिंगशिवाय रोज ७५ दिलं तर स्थिर पातळी गाठायला तीन ते सात दिवस. टिकाग्रेलॉरला यकृताची ही पायरी लागत नाही. ते अर्ध्या ते दोन तासांत काम सुरू करतं.

या बाईंनी यांपैकी नेमकं काय घेतलंय हे माहीत नसताना अंदाजाने पुढे जाणं दोन्ही बाजूंनी धोक्याचं. चिठ्ठी शब्दशः खरी मानून काहीच दिलं नाही आणि प्रत्यक्षात लोडिंग झालेलंच नसेल, तर नव्या स्टेंटवर गुठळी बसायला वाट मोकळी. उलट ‘असू दे, सुरक्षित म्हणून’ टिकाग्रेलॉर १८० दिलं आणि आधीचं क्लोपिडोग्रेल ६०० असेल, तर लायसिस होऊन काहीच तास झालेल्या, ५४ किलोंच्या, ७७ वर्षांच्या बाईच्या मेंदूवर तो जुगार. ‘सुरक्षित म्हणून’ हे शब्द कॅथलॅबमध्ये ऐकू आले की मी थांबून विचारतो, कशापासून सुरक्षित?

निवासी डॉक्टरांनी पहिल्या रुग्णालयात फोन लावला. ड्यूटीवरच्या सिस्टरांनी औषधांच्या तक्त्याचा फोटो पाठवला. तक्त्यात स्वच्छ लिहिलं होतं: ॲस्पिरिन ३००, क्लोपिडोग्रेल ७५, एक गोळी. वेळही होती. चिठ्ठी लिहिणाऱ्याने सवयीने ‘लोडिंग’ लिहिलं होतं. दिलेला डोस लोडिंगचा नव्हताच. या सगळ्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

७५ का दिलं होतं, आणि ते बरोबर का होतं

सिस्टरांनी किंवा तिथल्या डॉक्टरांनी विसरून एकच गोळी दिली, असं आमच्याकडच्या एकाला वाटलं. तसं नाही. लायसिससोबत क्लोपिडोग्रेल किती द्यायचं याचा आधार दोन चाचण्यांत आहे. २००५ च्या क्लॅरिटी चाचणीत ३०० मि.ग्रॅ. लोडिंग आणि मग रोज ७५ असं दिलं. बंद राहिलेली रक्तवाहिनी, मृत्यू किंवा पुन्हा झटका यांचं एकत्रित प्रमाण २१.७ वरून १५ टक्क्यांवर आलं. पण त्या चाचणीत ७५ वर्षांवरच्या कोणालाही घेतलेलं नव्हतं. त्याच वर्षीच्या कमिट चाचणीत चीनमधले ४५,८५२ रुग्ण होते, निम्म्याहून अधिकांना लायसिस मिळालं होतं, वयाची वरची मर्यादा नव्हती, आणि डोस होता लोडिंगशिवाय सरळ रोज ७५. मृत्यू ८.१ वरून ७.५ टक्क्यांवर आले, आणि मोठा रक्तस्राव लक्षणीय वाढला नाही.

नियम यावरूनच आला: लायसिससोबत, ७५ वर्षांपर्यंत ३०० मि.ग्रॅ., त्यापुढे ७५. छोट्या रुग्णालयाने हा नियम पाळला होता. लोकांना वाटतं मोठ्या रुग्णालयाने छोट्याच्या चुका सुधाराव्यात. इथे उपचार अचूक होता, फक्त कागदावर उतरताना बिघडला.

कॅथलॅबमध्ये

लायसिसनंतर नऊ तासांनी मनगटातून अँजिओग्राफी झाली. एलएडीच्या, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीच्या, सुरुवातीच्या भागात साधारण ९० टक्के अडथळा, रक्तप्रवाह बऱ्यापैकी. एक औषधी स्टेंट बसवायचं ठरलं.

लायसिस झालेल्या रुग्णाच्या अँजिओप्लास्टीत क्लोपिडोग्रेलचा हिशेब असा: लायसिसच्या वेळी लोडिंग मिळालेलं असेल तर पुन्हा द्यायचं नाही, रोजचे ७५ चालू ठेवायचे. मिळालेलं नसेल आणि लायसिसला २४ तास झाले नसतील, तर ३००. चोवीस तास उलटून गेले असतील, तर ६००. चोवीस तासांची रेघ एवढी महत्त्वाची का? टेनेक्टेप्लेस स्वतः रक्तातून लवकर निघून जातं, पण गोठण्याच्या यंत्रणेवरचा त्याचा परिणाम त्याहून जास्त वेळ रेंगाळतो. त्यावर ६०० चा जोरदार थर चढवायचा नसतो.

बाईंना ३०० मि.ग्रॅ. दिलं. सकाळची एक गोळी पोटात होती, तेव्हा २२५ पुरे, असा मुद्दा निघाला. गणित म्हणून तो बरोबर आहे, आणि कोणी २२५ दिलं असतं तर मी वाद घातला नसता. पण बाईंना दुखण्यासाठी मॉर्फिनही दिलं गेलं होतं. मॉर्फिन जठराची हालचाल मंदावतं आणि या गोळ्यांचं शोषण लांबतं. पोटात गेलं आणि रक्तात उतरलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून पूर्ण ३००.

हेपरिनच्या बाबतीतही तक्त्याचा फोटोच उपयोगी पडला. पंच्याहत्तरीनंतर एनॉक्सापॅरिन या हेपरिनचा शिरेतला पहिला बोलस (एकदम द्यायचा डोस) देत नाहीत, आणि त्वचेखालचा डोस किलोला १ ऐवजी ०.७५ मि.ग्रॅ. करतात. बाईंना ४० मि.ग्रॅ.चा एकच डोस मिळाला होता, आठ तासांहून आधी. म्हणून स्टेंटपूर्वी शिरेतून किलोला ०.३ मि.ग्रॅ., म्हणजे साधारण १६ मि.ग्रॅ. दिलं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.२ होतं, आकडा साधा दिसतो, पण हे वय, हे वजन आणि स्त्री असणं कॉकक्रॉफ्टच्या सूत्रात घातलं की क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला जेमतेम ३३ मि.ली. भरतो. तो ३० च्या खाली गेला असता तर एनॉक्सापॅरिन दिवसातून एकदाच द्यावं लागलं असतं. कृश वृद्ध स्त्रीचं क्रिएटिनिन पाहून ‘किडनी ठीक आहे’ असं म्हणून टाकण्याची सवय आपल्या सगळ्यांना आहे.

तिसरा दिवस: टिकाग्रेलॉरवर का नेलं नाही

राउंडला निवासी डॉक्टरांनी प्रश्न विचारला आणि तो चांगला होता. लायसिसला ४८ तास उलटले आहेत, स्टेंट एलएडीच्या सुरुवातीच्या भागात आहे, क्लोपिडोग्रेल हे तिघांत सर्वांत कमजोर. मग आता तगड्या औषधावर का जायचं नाही? मार्गदर्शक तत्त्वांत ४८ तासांनंतर असा बदल करायला वाव आहेच.

प्रासुग्रेलचा विषय लवकर संपला. टीआयए किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ते वर्ज्य आहे. २००७ च्या ट्रायटन चाचणीत अशा रुग्णांचं निव्वळ नुकसान झालं. शिवाय बाई पंचाहत्तरीपुढच्या आणि ६० किलोंच्या आतल्या, या दोन्ही गटांत त्या चाचणीत निव्वळ फायदा दिसला नव्हता. टीआयए नसतं तर रोजचा १० चा डोस ५ वर आणता आला असता. टीआयए असताना ५ सुद्धा नाही.

टिकाग्रेलॉरचं प्रकरण इतकं सरळ नाही. २००९ ची प्लेटो चाचणी भक्कम आहे: १८,६२४ रुग्ण, हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू, झटका आणि पक्षाघात मिळून ११.७ ऐवजी ९.८ टक्के, आणि एकूण मृत्यूसुद्धा कमी. पण २४ तासांत लायसिस झालेल्यांना तिच्यात घेतलं नव्हतं. ती जागा २०१८ च्या ट्रीट चाचणीने भरली: ३,७९९ रुग्ण, लायसिसनंतर सरासरी अकरा-साडेअकरा तासांनी टिकाग्रेलॉर, आणि तीस दिवसांत मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण क्लोपिडोग्रेलइतकंच, ०.७३ विरुद्ध ०.६९ टक्के. आता या चाचणीची वयाची अट पाहा: पंच्याहत्तरीच्या आत. म्हणजे आमच्या बाईंसारखं कोणी ना प्लेटोत, ना ट्रीटमध्ये. वृद्धांबद्दल थोडं सांगते ती २०२० ची पॉप्युलर एज चाचणी. सत्तरीपुढचे १,००२ रुग्ण, लायसिस न झालेले, एसटी वर न गेलेले. त्यांत क्लोपिडोग्रेल गटात रक्तस्राव १८ टक्के तर दुसऱ्या, मुख्यतः टिकाग्रेलॉरच्या, गटात २४. हृदयाच्या बाजूने क्लोपिडोग्रेल मागे पडलं असं दिसलं नाही.

त्यात बाईंचं हिमोग्लोबिन ११.३. रक्तस्रावाचा धोका मोजण्याचे एआरसी या तज्ज्ञगटाचे निकष लावले तर वय एक, मूत्रपिंड दोन, हिमोग्लोबिन तीन असे तीन लहान निकष बसतात. धोका ‘जास्त’ म्हणायला दोन पुरतात. आम्ही क्लोपिडोग्रेल ७५ वरच राहिलो.

याची दुसरी बाजूही लपवण्यात अर्थ नाही. सीवायपी२सी१९ ची कमजोर रूपं आशियाई लोकसंख्येत बरीच आढळतात, आणि अशांत क्लोपिडोग्रेलचं कामाचं रूप कमी तयार होतं. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती कमजोर आहेत असा अहवाल हातात असता, तर मी टिकाग्रेलॉर ९० दिवसातून दोनदा निवडलं असतं, ॲस्पिरिन १०० च्या आत ठेवलं असतं आणि ते लवकर थांबवलं असतं. अहवाल नव्हता. पण त्याच एन्झाइमला अडवणारी एक गोष्ट आमच्या हातात होती: बाई आम्लपित्तासाठी बऱ्याच काळापासून ओमेप्राझोल घेत होत्या. ते बंद करून पँटोप्राझोल सुरू केलं. पोटाच्या संरक्षणाची त्यांना गरज होतीच, फक्त ते करणारं औषध क्लोपिडोग्रेलच्या वाटेत येणारं नको.

पाचव्या आठवड्यातली पिशवी

बाई तपासणीला आल्या तेव्हा दोन्ही दंडांवर निळे-काळे डाग होते. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं. शौचाचा रंग काळा नव्हता. हिमोग्लोबिन १०.२.

‘आजी, सकाळी कोणकोणत्या गोळ्या घेता, दाखवता का?’ असं विचारल्यावर मुलीने पिशवीच टेबलावर उपडी केली. ॲस्पिरिन ७५ ची पट्टी. क्लोपिडोग्रेल ७५ ची पट्टी. आणि पहिल्या रुग्णालयाने पाठवताना दिलेल्या कॅप्सूलची एक पट्टी, संपल्यावर दुकानातून पुन्हा आणलेली. त्या एका कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ दोन्ही. ‘दोन्ही डॉक्टरांनी हृदयाचीच दिली होती, म्हणून दोन्ही चालू ठेवली,’ मुलगी म्हणाली. तिचं काय चुकलं? डिस्चार्जच्या कागदावर औषधांची फक्त ब्रँडची नावं होती, आणि ‘पूर्वीच्या या गोळ्या बंद’ असा रकानाच नव्हता.

म्हणजे आजी चार आठवड्यांहून जास्त काळ रोज ॲस्पिरिन १५० आणि क्लोपिडोग्रेल १५० घेत होत्या. क्लोपिडोग्रेलचा १५० चा डोस कोणी वापरलाच नाही असं नाही. २०१० च्या करंट-ओएसिस ७ या २५,०८६ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या दिवशी ६००, पुढचे सहा दिवस १५० आणि मग ७५ असा दुप्पट मार्ग तपासला होता. एकूण रुग्णांत त्याचा फायदा दिसला नाही, मोठा रक्तस्राव वाढला; अँजिओप्लास्टी झालेल्यांत स्टेंटमधल्या गुठळ्या मात्र कमी झाल्या. पण तो डोस एका आठवड्याचा होता. महिनाभर, आणि तोही या वयात, कशाच्याच आधाराने नाही.

कॅप्सूल थांबवली. दोन्ही औषधं एकदम बंद करण्याचा विचार आम्ही केला नाही. स्टेंट बसून पाच आठवडे झाले होते, आणि डाग नि हिरड्यांतलं रक्त एवढ्यासाठी तो धोका पत्करायचा नाही. लोह तपासलं, ते कमी निघालं, गोळ्या सुरू केल्या. दोन आठवड्यांत नवे डाग उमटणं थांबलं.

पुढचं नियोजन

अक्यूट कोरोनरी सिंड्रोमनंतर (झटका किंवा झटक्यासारख्या दुखण्यानंतर) दोन औषधं बारा महिने, हा नेहमीचा पाठ. तो मुख्यतः २००१ च्या क्युअर चाचणीतून आला, जिच्यात क्लोपिडोग्रेल तीन ते बारा महिने दिलं होतं. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांत हा काळ कमी करावा, याला आता बराच आधार आहे. किती कमी, यावर मतभेद आहेत. २०२२ ची स्टॉपडॅप्ट-२ एसीएस ही चाचणी आम्हाला सावध करते: एक-दोन महिन्यांतच ॲस्पिरिन काढून फक्त क्लोपिडोग्रेलवर ठेवलं, तर ते नेहमीच्या उपचाराइतकं चांगलं आहे हे सिद्ध झालं नाही. उलट २०१९ च्या स्मार्ट-चॉइसमध्ये तीन महिन्यांनी ॲस्पिरिन थांबवलेल्यांत, ज्यांतले बहुतेक क्लोपिडोग्रेलवर होते, रक्तस्राव ३.४ ऐवजी २ टक्के झाला आणि हृदयाचे त्रास लक्षणीय वाढले नाहीत. त्यातले निम्म्याहून अधिक रुग्ण अक्यूट कोरोनरी सिंड्रोमचे होते.

आम्ही तीन महिने धरले. हा आमचा निर्णय, नियम नव्हे. एलएडीच्या सुरुवातीच्या भागात स्टेंट म्हणून कोणी सहा महिने धरले असते तर त्यालाही कारण होतं. तीन महिने पूर्ण झाले तेव्हा हिमोग्लोबिन ११.६ होतं. ॲस्पिरिन थांबवलं, क्लोपिडोग्रेल ७५ चालू ठेवलं.

सातव्या महिन्यात एक दाढ काढायची होती. दंतवैद्यांनी क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी बंद करायला सांगितलं, आणि मुलीने बंद करण्याआधी फोन केला. एकच औषध चालू असताना साध्या दाढेसाठी ते थांबवायची गरज नसते. जागेवर दाब आणि टाका पुरतो. पाच दिवसांचा नियम मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आहे (टिकाग्रेलॉरला तीन ते पाच, प्रासुग्रेलला सात). दाढ गोळी चालू ठेवूनच काढली.

बारा महिन्यांनंतर जन्मभर ॲस्पिरिन हा आजवरचा रिवाज. या बाईंच्या बाबतीत क्लोपिडोग्रेल ७५ पुढेही ठेवायचं ठरलं. २०२१ च्या होस्ट-एक्झाम चाचणीत स्टेंटनंतरच्या दीर्घ काळासाठी एकट्या क्लोपिडोग्रेलने एकट्या ॲस्पिरिनपेक्षा त्रास कमी झाले, ७.७ ऐवजी ५.७ टक्के, रक्तस्रावासकट. त्यात यांना आधी टीआयए होऊन गेलेला, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठीही हेच औषध चालतं. कार्डावर आता ब्रँडचं नाव नाही. ‘क्लोपिडोग्रेल ७५ मि.ग्रॅ., सकाळी एक. ॲस्पिरिन बंद, तारीख’ असं लिहिलंय, आणि खाली ‘ओमेप्राझोल नको, पँटोप्राझोल चालेल’.